इनामदारसाहेबांचं पिवळं विमान

मुळशीला जाऊन आले म्हटलं की इथे बार्शीत पहिला प्रश्न येतो, कुठल्या रिसॉर्टला उतरला होतात? दुसरा, धरण पाहिलं का? मी म्हणते, अहो, मी भांडण सोडवायला गेले होते. भांडण एका विमानावरून होतं आणि दोन्ही पक्षांनी वकील म्हणून मलाच धरलं होतं.

आधी रुखसानाभाभींचा फोन आला. "सुलभाताई, या बरं हितं. पोरीला चार शब्द सांगा. तुमचं ऐकंल ती." तो ठेवून चहाचं आधण टाकते तोच त्यांच्या लेकीचा, नाजचा फोन. "मावशी, प्लीज या ना. अम्मी तुमचं सोडून कुणाचंच ऐकत नाही." एकीने दुसरीला सांगितलेलं नाही हे उघड होतं. मीही दोघींना येते एवढंच सांगितलं. पिशवीत हुरडा भरला, शेंगाचटणीची पुडी टाकली आणि निघाले.

हमीद इनामदार, म्हणजे भाभींचे नवरे, हे आमचे साहेब. पौडच्या बँकेत ते मॅनेजर आणि मी कॅशियर, अशी आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काढली. ह्या माणसाला उडण्याचं वेड होतं. तरुणपणी विमानदलात भरती व्हायला गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी चष्मा काढायला लावला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. साहेबांनी विचारलं, "कुठला तक्ता?" तिथेच ते प्रकरण संपलं आणि देशाला एक बँक मॅनेजर मिळाला.

वेड मात्र तसंच राहिलं. हलकं लाकूड आणि थर्माकोल कापून ते बिनइंजिनाची विमानं बनवायचे. खेळण्यातली नव्हेत, चांगली पुरुषभर पंखांची. टेकडीच्या कडेवरून हाताने सोडायची. खालून चढणाऱ्या वाऱ्यावर ती तरंगत राहतात आणि हातातल्या रिमोटने वळतात. दर रविवारी हा कार्यक्रम. निवृत्तीनंतर एकदा पॅराशूटला बांधून घेऊन एका पायलटबरोबर स्वतःही उडून आले. खाली उतरल्यावर तक्रार एकच, "मागचा पोरगा माझ्या वयाकडे बघून हळू चालवत होता."

गेल्या पावसाळ्यात साहेब गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. मागे एक पिवळं विमान राहिलं, पूर्ण झालेलं, पण एकदाही न उडवलेलं. नाजला ते उडवायचं होतं. भाभींना ते जपून ठेवायचं होतं. भांडण एवढंच, पण मायलेकी त्यापायी दोन महिने धड बोलत नव्हत्या.

भूगाव

चांदणी चौक ओलांडला आणि मी बसच्या खिडकीला नाक लावून बसले. मला रस्ता झाडांनी आणि टपऱ्यांनी लक्षात होता. इथली चिंच, तिथलं रसाचं गुऱ्हाळ, अशी माझी खुणेची यादी. त्यातलं एक असेल तर शपथ! भूगावात दोन्ही बाजूंनी इमारती इतक्या उंच गेल्यात की मान दुखायला लागली. एका फलकावर लिहिलं होतं, तळ्याकाठचं घर. तळं कुठंय म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बाराव्या मजल्यावरनं दिसतं म्हनं. आमी न्हाई बघितलं बाई अजून."

व्हायचं तेच झालं. बाजारपेठ दिसली, गर्दी दिसली, मी म्हटलं आलं पौड, आणि ऐटीत उतरले. ते पिरंगुट निघालं. बस गेली धूळ उडवत. मी हुरड्याची पिशवी सांभाळत स्वतःलाच शिव्या घालत उभी राहिले.

शेवटी वडापच्या जीपमध्ये जागा मिळाली. आत उरवड्याच्या कारखान्यातून सुटलेल्या बाया कोंबून बसल्या होत्या. त्यांनी सरकून सरकून मला कशीबशी टेकायला जागा केली आणि लगेच चौकशी सुरू, कुनाकडं, कुठल्या, किती दिस. आमच्याकडेही चौकशा होतात, पण आधी पाण्याला विचारतात. इथे थेट मुद्द्याला हात.

"इनामदारसाहेबांकडे," मी म्हटलं.

"विमानवाल्या? या बया!" कोपऱ्यातली एक तरुण बाई एकदम पुढे सरकली. "आमच्या शाळंत आलते विमान दावायला. मी धरलंवतं ते. सोड म्हनले, आन माझ्या हातनंच सुटंना. लई हसले साहेब."

"मग सोडलंस की नाही?"

"सोडलं की. त्ये बाभळीत जाऊन आडाकलं." सगळी जीप हसली. मलाही बरं वाटलं. साहेबांच्या नावावर बाया हसत होत्या, आणि ह्याहून चांगलं काय राहावं माणसाचं मागे?

पौड

इनामदारांच्या दारात पोचले तर शेजारच्या ओट्यावर तांबोळीचाची बसलेल्या. मला ओळखलं त्यांनी. डोळे टिपून म्हणाल्या, "आता रविवार जातच न्हाई बघा. साहेब सांजचं आले की मी हितनंच इचारायची, उतरलं का नीट? आन त्ये म्हनायचे, एकदम नीट उतरलं." हा सवालजवाब मला पाठ होता. पौडात असताना मीही कितीदा ऐकला होता.

घरात पाऊल टाकलं आणि वर बघतच राहिले. ते पिवळं विमान बैठकीच्या खोलीत छताला टांगलं होतं, बरोबर मधोमध, आणि त्यासाठी भाभींनी पंखा उतरवला होता.

"भाभी, उन्हाळ्यात काय करणार?"

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बगू," म्हणत त्यांनी मला मिठी मारली आणि मग आम्ही दोघी जरा रडलो. रडून झाल्यावर त्या उठल्या आणि फडताळातून माझा तवा काढला. मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी त्यांच्याकडे वेगळा तवा असायचा. इतक्या वर्षांनी तो तिथेच होता, घासून लख्ख. मला पुन्हा भरून आलं, पण ह्या वेळी मी ते दाखवलं नाही, कारण तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली.

नाज आली होती. ती मारुंजीला खोली घेऊन राहते आणि शेजारी हिंजवडीत कंपनीत जाते. नेऱ्यावरून घोटवड्यामार्गे पाऊण तासात घरी पोचता येतं, पण भांडणापासून ती क्वचितच येत होती. आली तीच आईकडे न बघता माझ्या पाया पडली.

जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा भात. आमच्या बार्शीकडे भात म्हणजे ताटातला शेवटचा घास, आजाऱ्याचं अन्न. इथे भाताच्या वासानेच भूक लागते. मी तिसऱ्यांदा भात घेत होते तेव्हा नाजने तोंड उघडलं.

"मावशी, तुम्हीच सांगा. अब्बांनी ते शोपीस म्हणून केलंय का? इट्स मेंट टू फ्लाय ना! मी नवा रिमोट आणलाय, जुना गंजला होता. सगळं सेट केलंय. उद्या वारा पण चांगलाय."

"आन फुटलं म्हंजी?" भाभी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "त्यांच्या हातचं येवढं येकच हाय. त्यांची बाकीची इमानं कुटं गेली म्हाईत न्हाई, कुनाकुनाला दिली असतील. पर त्यांच्या हातनं कदी येक मोडलं न्हाई. दर रविवारी नीट उतरायचं. तुला जमनार हाय का?"

"मग काय आयुष्यभर त्याच्याखाली घामाघूम होऊन बसायचं?"

"बसू."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. आता आली का पंचाईत! मी भात संपवला आणि कॅशियरसारखी बोलले. बँकेत तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात. एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही, मग बाहेर मंत्री येऊन उभा राहो. रोज सकाळी आम्ही दोघं तिथे उभे राहायचो आणि साहेब म्हणायचे, "चला सुलभाबाई, टेक-ऑफ." टेकडीवरही त्यांचा तोच कायदा होता. एकट्याने कधी विमान सोडलं नाही. एकाने रिमोट हलवायचा, दुसऱ्याने विमानाची शेपटी बघून मोठ्याने सांगायचं, उजवं, डावं. दोघांचं जुळलं तरच सोडायचं. तर ह्या विमानाच्याही दोन किल्ल्या, एक तुझी, एक अम्मीची. मी काही निकाल देणार नाही.

"मग माझी किल्ली बंद," भाभी म्हणाल्या आणि तवा उतरवला. नाज ताटावरून उठून गेली. छान सोडवलं मी भांडण.

टेकडी

दुसऱ्या दिवशी दुपारी बबनराव पिकअप घेऊन आले. हे साहेबांचे टेकडीवरचे जोडीदार. मुळशी धरणाच्या अलीकडे त्यांची जमीन आहे. उतारावरची बरीचशी बंगल्यांसाठी विकली, एक चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या, पण टेकडीचा माथा आणि खालची भाताची दोन खाचरं अजून त्यांचीच. मला म्हणाले, "क्याशरबाई, चला की वर. निदान जागा तरी बगून जा." भांडणाचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून विमानाचं नावही काढलं नाही.

मी चपला घालत होते तेव्हा भाभी आतून म्हणाल्या, "थांबा. मी बी येते." आम्ही तिघंही बघतच राहिलो. "इतकी वर्सं ह्ये रविवारी कुटं जात हुते, येकदा तरी बगाया नको का?" मग त्यांनी नाजला विमान उतरवायला लावलं. एकटं घरात नको म्हणे. पंख सुटे करून गोधडीत बांधले, आणि धड स्वतः मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. उडवायचं नाही हे तीनदा बजावून सांगितलं.

वाटेत काटेसावरी फुलल्या होत्या, एकही पान नाही, नुसती लाल फुलं. वळण घेतलं की मध्येच धरणाचं पाणी चमकायचं आणि पुन्हा बंगल्यांच्या भिंतींमागे जायचं. बबनरावांच्या गोठ्यापाशी रस्ता संपतो. तिथून पुढे पायी.

"जरा आत बसा, च्या सांगतो," म्हणत बबनरावांनी गोठ्याचं दार लोटलं आणि एकदम थबकले. काहीतरी विसरल्यासारखे. पण भाभी आत गेल्याही होत्या.

गोठ्याच्या आढ्याला विमानंच विमानं. निळी, पांढरी, तांबडी. आणि एकही धड नाही! कुणाचा पंख अर्धा, कुणाची शेपटी गायब, कुणाचं नाक चेचलेलं. काहींना तीनतीनदा चिकटवल्याचे पट्टे. खाली गोणीत नुसते तुकडे भरलेले. म्हशी शांतपणे रवंथ करत होत्या.

"ह्ये काय हाय, बबनराव?" भाभींचा आवाज अगदी बारीक झाला.

बबनराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "आता काय सांगावं... साहेबांची हायेत. मोडली की हितंच चिकटवत बसायचे."

"कदी मोडायची?"

"कदी म्हंजी? दर येळंलाच की, वैनी. एखांदाच रविवार न मोडता जायाचा. मोडलं की साहेब लई खुश. म्हनायचे, बबन, आता पुढच्या रविवारपातुर काम मिळालं बग. हितं खाटंवर बसून दोगं चिकटवायचो. घरी न्हेलं की थर्माकोलचा चुरा हुतो, तुमी ओरडता, म्हनायचे."

"आन मला सांगायचे, येकदम नीट उतरलं!"

मला वाटलं आता रडतात. त्या खाटेवर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, हलून हलून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "या अल्ला, काय मानूस! तीस वर्सं! तीस वर्सं माझ्याशी खोटं बोलला ह्यो बाबा!" नाज दारात उभी होती, तीही हसत होती आणि रडतही होती. साहेब गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं, हे मला नाजनेच नंतर सांगितलं.

हसू ओसरलं तशी भाभींनी मांडीवरच्या पिवळ्या धडावरून हात फिरवला. आढ्यावरच्या मोडक्या विमानांवर नजर टाकली. मग नाजला म्हणाल्या, "पंख लाव त्याला."

माथ्यावर वारा पाण्याकडून सरळ अंगावर येत होता. खाली सगळं धरण, पलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि आमच्या पायाखाली दोन घारी गोल फिरत होत्या. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली. आमच्या बार्शीत घार नेहमी डोक्यावर.

नाजने रिमोट घेतला. विमान फेकायचं काम बबनरावांचं असायचं, पण त्यांचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. आणि भाभी तर घरापासून विमान सोडायलाच तयार नव्हत्या. मग त्यांनीच ते मागून दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. राहिली मी. मला तपासणीचं काम. मी चष्मा पुसला आणि ऐटीत विमानाच्या समोर जाऊन उभी राहिले.

"उजवं," म्हणत नाजने रिमोटची काडी उजवीकडे ढकलली. शेपटीची पट्टी वळली.

"उजवं," मी खणखणीत आवाजात सांगितलं.

"न्हाई," मागून भाभी म्हणाल्या. "डावं गेलं."

"अहो भाभी, उजवंच गेलं, मला दिसतंय ना."

"आन मला काय आंधळी समजता? माझ्या डाव्या हाताला गेलंया."

आम्ही दोघी वाद घालायला लागलो तेव्हा बबनराव आले, आधी मला बघितलं, मग विमानाला. "क्याशरबाई, तुमी गिऱ्हाईकासारख्या म्होरं का हुब्या? मागं या, मागं. साहेब मागनं बगायला लावायचे."

मी मागे गेले आणि जीभ चावली. सगळा जन्म काउंटरवर समोरासमोर गेला. आणि समोरच्याचं उजवं ते आपलं डावं, हेच मी विसरले होते! नाजने नवा रिमोट जोडताना उलटा जोडला होता आणि मी उलट्या बाजूला उभी, म्हणून दोन चुका मिळून सगळं बरोबर दिसत होतं. तसंच सोडलं असतं तर नाजने उजवीकडे वळवलं असतं आणि विमान डावीकडे, सरळ कड्यात गेलं असतं.

नाजचा चेहरा पडला. रिमोट खाली घेतला. "सॉरी, अम्मी. राहू दे. मला खरंच जमणार नाही."

भाभींचे हात अजून वरच होते. आता त्या म्हणतील, बघ, म्हणून नको म्हणत होते. मी वाटच बघत होते. भाभी म्हणाल्या, "अगं सॉरी काय? नीट जोड. माझे हात दुखाय लागले."

नाजने रिमोटमध्ये काहीतरी बदललं. पुन्हा म्हणाली, "उजवं." मी मागून म्हटलं, "उजवं." भाभी म्हणाल्या, "उजवं." "डावं." "डावं." "डावं." नाजने काडी पुन्हा मधोमध आणली. वाऱ्याचा तेवढा आवाज.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चला. टेक-ऑफ."

भाभी चार पावलं धावल्या आणि त्यांनी ते सोडलं. क्षणभर ते खाली गेलं, दिसेनासं झालं. मग कड्याच्या खालून पिवळं नाक वर आलं, आणि ते आमच्या डोक्यावरून गेलं, आवाज न करता, उन्हात पंख उजळून. नाजने ते वळवलं. घारींच्या शेजारून नेलं. घारी जरा सरकल्या आणि पुन्हा आपल्या फिरायला लागल्या. भाभी मान वर करून उभ्या होत्या, हात अजून सोडल्यासारखे पुढेच. साहेब असायला हवे होते. फार वाटलं मला तसं.

"अम्मी, तू धरतेस रिमोट?"

"मला न्हाई येत."

"मी हात धरते."

मग दोघींच्या चार हातांनी ते विमान कितीतरी वेळ उडलं.

खाली

उतरवायला पूर्वी सगळं रान मोकळं होतं. आता बंगल्यांच्या भिंतींमध्ये बबनरावांची दोन खाचरं तेवढी उरलीत. भाताची कापणी होऊन कोरडी पडलेली. नाजने ते फार सुंदर खाली आणलं. भिंत चुकवली, विजेची तार चुकवली, खाचरात टेकलं, सरपटत गेलं आणि शेवटी बांधावर आपटलं. कट्कन आवाज वरपर्यंत आला.

आम्ही पोचेपर्यंत नाज गुडघ्यावर बसून डाव्या पंखाचं टोक हातात घेऊन बघत होती. वीतभर मोडलं होतं. ती आईकडे बघायला धजत नव्हती.

भाभींनी ते टोक घेतलं, मोडलेल्या कडेला लावून बघितलं. बरोबर बसलं. "चिकटंल का, बबनराव?"

"येका दिसाचं काम न्हाई, पर चिकटंल."

"मग नाज, शनिवारी ये. मुक्कामाला ये. फेविकॉल घिऊन ये."

"गोठ्यात बसायचं?" नाजने विचारलं.

"गोठ्यात कशाला? घरात बसू. चुरा झाडीन मी." एवढं बोलून त्या पिकअपकडे चालायला लागल्या. परत फिरून म्हणाल्या, "आन येताना त्यो पंखा लावनारा मानूस बघ कुनीतरी. लई उकडतंय."

पौडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. भाभी धड मांडीवर घेऊन उतरल्या, गोधडीतून मोडका पंख बाहेर आला होता तो त्यांनी पदराखाली सरकवला. ओट्यावर तांबोळीचाची होत्याच. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

"काय हो, उडवलं म्हनं?" चाचींनी विचारलं. "उतरलं का नीट?"

भाभींनी माझ्याकडे बघितलं, नाजकडे बघितलं.

"येकदम नीट उतरलं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी माझा तवा चुलीवर ठेवला.